बसायचं यान, झोपायचं यान, राहायचं यान

हेमंत, तू गेल्याचं मला ऋचाच्या स्टेटसवरून कळलं. तुझ्या मुलीने तुझा हार घातलेला फोटो लावला होता आणि खाली फक्त 'बाबा' लिहिलं होतं. मी तेव्हा मीरा रोडला एका नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर स्वयंपाकघराची मापं घेत होतो. टेपचं एक टोक भिंतीला, दुसरं माझ्या हातात. फ्लॅटच्या मालकीणबाई विचारत होत्या, "भैया, फ्रिज इधर आयेगा ना?" मी म्हणालो, "आयेगा." घरी येऊन कागदावर मांडलं तर फ्रिज तिथे येतच नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागावी लागली. इतकी वर्षं मॉड्युलर किचनची कामं करतोय, असं कधी झालं नव्हतं.

त्या दिवशी टॉवरमधून तशीच बॅग उचलून आधी भाईंदरला आलो होतो, तर तुला नेऊन तास उलटला होता. वॉचमन म्हणाला, "लेट हो गये साहब." चौदा महिने मी त्या जिन्यात पाऊल ठेवलं नव्हतं. वर येऊन वहिनींसमोर उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "बसा भाऊजी." मी बसलो. कुणीतरी पाणी दिलं. तुझी चप्पल कपाटाखाली होती, ती मी बराच वेळ बघत होतो. मला रडू आलं नाही. राग आला होता, आणि कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

चार दिवसांनी तुमच्या कॉलेजात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. तू हसतमुख होतास म्हणे. मनमिळाऊ होतास. प्रयोगशाळेतल्या मुलांवर पोटच्या पोरांसारखी माया करायचास. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. तू हसतमुख कधी होतास? तू खवचट होतास. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक काढायचास. चहात साखर कमी पडली तर चहावाल्याला प्रमाण शिकवायचास. मला तिथे बोलायला सांगितलं, मी नाही म्हणालो. खरं बोलायची ती जागा नव्हती आणि खोटं बोललो असतो तर तूच माझं वाक्य मध्ये तोडलं असतंस, असं उगीच वाटलं.

आपली ओळख तुझ्या ओट्यावरून झाली. तुझ्या वन बीएचकेचं स्वयंपाकघर करायला मी आलो होतो. डायनिंग टेबलावर कॉलेजातल्या जुन्या आलेख-कागदांचा गठ्ठा होता आणि वरच्या कागदावर एका यानाचं चित्र. लहानसं यान, आत खुर्ची, खुर्चीत माणूस. मी चहा पिता पिता ते पाहिलं आणि सवयीने बोलून गेलो, "साहेब, याचे गुडघे कुठे जातात?" तू चिडलास. म्हणालास, "तुम्ही ओटा बघा." मग पाच मिनिटांनी माझ्या मागे येऊन उभा राहिलास, कागद हातात. "खरंच जात नाहीत. किती जागा लागते?" मी तुला सांगितलं. माणूस ओट्याजवळ उभा राहिला तर किती, बसला तर किती, खाली वाकला तर किती. तू सगळं लिहून घेतलंस आणि विचारलंस, "रविवारी काय करताय?"

हे मी विसरणार नाही. तोवर लोक मला विचारायचे, काम कधी होईल. मला काय वाटतं हे विचारणारा तू पहिला. मी बारावी नापास, परभणीकडून आलेल्या आईबापांचा मुलगा, प्लायवूड कापता कापता ड्रॉइंग शिकलेला. तू दिवाळी अंकांत विज्ञानकथा लिहिणारा. तुझ्या नावाआधी 'सुप्रसिद्ध' छापायचे आणि तू ते वाचून कपाळाला हात लावायचास. दोन वर्षांत आपण एकमेकांना अरेतुरे करायला लागलो आणि तिसऱ्या वर्षी कथेवर तुझ्या नावाखाली माझं नाव आलं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. तिने त्या नावावर बोट फिरवलं आणि अंक दारूगोळा असल्यासारखा कपाटात वर ठेवून दिला.

पहिल्या रविवारी तू मला गच्चीवर नेलंस आणि एक पिशवीभर विज्ञानकथा पुढ्यात टाकल्यास. स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही. प्रत्येकीत तू लाल पेनाने एकाच शब्दाखाली रेघ मारली होतीस. 'छोटंसं'. एक छोटंसं यान आकाशातून उतरलं. छोटंसं यान शत्रूच्या ताफ्यात घुसलं. छोटंसं यान दूरच्या ताऱ्याकडे झेपावलं.

"छोटंसं म्हणजे केवढं, विजय? रिक्षाएवढं की बसएवढं? किती माणसं? किती दिवस? आपलं आपण परत येणार की कुणी न्यायला येणार? हे नाही ठरवायचं आणि यांना ताऱ्यांवर जायचंय."

मग पाण्याच्या टाकीला टेकून तू तुझी जातवारी सांगितलीस. तुझ्याकडे लहान यानांच्या तीनच जाती होत्या. बसायचं यान, झोपायचं यान आणि राहायचं यान. बसायचं म्हणजे एका माणसाचं, फार तर दोघांचं. लढायला, टेहळणीला, नाहीतर काही ओढायला-ढकलायला. इंजिन दांडगं, पण टाकी एवढीशी. आत पाणी आहे, संडास नाही. काही तासांत ते मोठ्या जहाजाच्या पोटात परत गेलं नाही की संपलं. झोपायचं म्हणजे ने-आण करणारं, जहाजावरून ग्रहावर आणि ग्रहावरून जहाजावर. आठ-दहा माणसं, दोन-चार दिवस, पाठ टेकायला फळ्या. हवेतून उतरायचं म्हणून त्याला पंख लागतात नाहीतर जाड पोट लागतं. पण ताऱ्याकडून ताऱ्याकडे जायची त्याची ऐपत नाही. ती ऐपत फक्त राहायच्या यानाची. त्यात माणसं चारच असतील, पण स्वयंपाक आहे, न्हाणीघर आहे आणि भांडण झालं तर लावून घ्यायला एक दार आहे.

मी म्हणालो, "म्हणजे खाट, वन आरके आणि वन बीएचके."

"फ्लॅट नाहीयेत हो हे," तू वैतागलास. पुढच्याच महिन्यात एका मुलाखतीत तू हेच उदाहरण स्वतःचं म्हणून दिलंस. मी काही बोललो नाही. आज बोलतोय.

चौथी एक जात तू बाजूला काढून ठेवली होतीस, संकटात मोठ्या जहाजावरून सुटायच्या यानाची. माणसं झोपायच्या यानाएवढी आणि टाकी बसायच्या यानाएवढी. "त्याचं काम म्हणजे नुसतं वाट बघणं," म्हणाला होतास. त्या जातीवर आपण कधीच काही लिहिलं नाही. तुला वाट बघणाऱ्यांच्या गोष्टी आवडायच्या नाहीत.

काम करायची आपली पद्धत बघून तुमच्या सोसायटीतले लोक हसायचे. कथेतलं यान आधी गच्चीवर खडूने खऱ्या मापात आखायचं आणि मग त्यात जाऊन बसायचं. यानात माणूस तीन तास बसणार असेल तर आपणही तीन तास बसायचं, रेघेबाहेर हात काढायचा नाही. पाण्याची बाटली, डबा, टॉर्च, जे काय लागेल ते आत. पहिल्यांदा दोघांचं यान आखलं तेव्हा तासाभरात तुझा पाय झोपला आणि मला लघवीला लागली. तू उठू देईनास. शेवटी तळमजल्यावरच्या गुजराती काकी पापड वाळत घालायला आल्या. त्यांनी आपल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ये क्या, कोई पूजा है?" तू गंभीर तोंडाने म्हणालास, "हां काकी, लाइन मत क्रॉस करना." त्या बिचाऱ्या नमस्कार करून वळसा घालून गेल्या. त्या कथेत वैमानिकाला लघवीची नळी आली ती तेव्हापासून. मराठी विज्ञानकथेत तिचं श्रेय कुणी आपल्याला देणार नाही.

सिनेमाला तर तुझ्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. पडद्यावर ते एका माणसाचं यान लढाई करायचं, लगेच ग्रहावर उतरायचं, लगेच दुसऱ्या ताऱ्याकडे उडायचं, आणि तू अंधारात मोठ्याने विचारायचास, "पेट्रोल कुठे भरलं याने?" पुढच्या रांगेतल्या बाईने वळून सांगितलं होतं, "भाईसाब, पिक्चर देखने दो ना." बाहेर आल्यावर तू तिच्यावरही भाषण दिलंस. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा तुझ्या मते विज्ञानकथेचा पहिला नियम होता. लहान यानाला काय जमतं त्यावरून नाही, काय जमत नाही त्यावरून ते ओळखायचं. जे यान सगळंच करतं ते यान नाही, लेखकाचा आळस आहे, असं तू म्हणायचास.

तारोडीला गेलो होतो ते आठवतं? मोठ्या मासेमारी बोटीवरून किनाऱ्यावर यायला जी लहान होडी असते, तिची मापं तुला हवी होती. वाळूवर जाळं विणत एक म्हातारबाबा बसले होते. तू त्यांना विचारलंस, या होडीचं नाव काय. मोठ्या बोटीवर तर रंगवून लिहिलं होतं, हिच्यावर काहीच नव्हतं.

"हिला नाव न्हाय," ते म्हणाले. "ही त्या बोटीचीच हाय. एकली कुठं जायाची न्हाय, मंग नाव कशाला?"

परतताना स्टेशनजवळ बसमधून उतरल्यावर तू म्हणालास, यापुढे आपल्या बसायच्या यानाला नाव नसेल, नुसता आकडा असेल. पाच-सहा वर्षं आपण ते पाळलं. ते मोडलंस तूच.

आणि मापात मोठी चूक केली ती मात्र मीच, हेही लिहितो, नाहीतर म्हणशील विज्याने स्वतःचं झाकलं. एका कथेत मी आखलेलं झोपायचं यान जहाजाच्या पोटातल्या गोदीत अगदी ऐटीत उभं होतं. कथा छापून आली. महिन्याभराने कोकणातल्या एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. यानाची रुंदी तुम्ही जमिनीवर टेकायचे पाय मिटलेले धरून दिली आहे, पण ते पाय उघडून उभं आहे, तेव्हा या दारातून ते बाहेर कसं पडलं आणि मुळात आत कसं आलं? नव्या घरात फ्रिज दारातून आत जात नाही म्हणून लोकांना हसणारा माणूस मी. मला वाटलं तू आता वर्षभर टोमणे मारणार. तू ते पोस्टकार्ड वाचलंस, खिशात ठेवलंस आणि त्या वाचकाला उत्तर लिहिलंस की चूक माझी आहे, मी चुकीचं माप सांगितलं. तुझ्या अक्षरातलं 'माझी' मी पाहिलं. असंही वागायचास कधीकधी. म्हणून तर तुझा राग धड करता येत नाही.

मग कादंबरी आली. आपल्या दोघांची पहिली आणि एकुलती एक. एक मोठं जहाज, एका चंद्रावरची वस्ती, आणि त्या वस्तीवर येऊन आदळणार असलेलं एक भरकटलेलं मालवाहू जहाज, ज्यात कुणी माणूस नाही. आपल्या जहाजाजवळ उरलंय एकच बसायचं यान, ढकलायचं काम करणारं. अवनी नावाची मुलगी ते चालवते. आणि पहिल्या पानापासून तू त्या यानाला नाव दिलंस, टिटवी. मी विचारलं, "नाव का? नियम तुझाच ना?" तू म्हणालास, "ही एकटी जाणार आहे."

टिटवी आपण इतक्या वेळा आखली की गच्चीवरची फरशी पांढरी झाली. एक सीट, पायाशी इंजिनाचा दांडा, डोक्यामागे हवेच्या नळ्या, पाठीमागे जेवणाचा कप्पा. नाकापेक्षा मोती जड असं इंजिन. अवनी जाते, त्या मालवाहू जहाजाला नाक लावते, ढकलून वाटेवरून बाजूला काढते. वस्ती वाचते. इथपर्यंत आपलं एकमत होतं.

मग तो शेवटचा रविवार. ऊन उतरलं होतं. तू शेवटचं प्रकरण वाचून दाखवलंस. ढकलण्यात टिटवीची टाकी संपते. ती दूर दूर वाहत जाते. मोठ्या जहाजाजवळ दुसरं लहान यान नाही आणि मोठ्याला तिथे पोचेपर्यंत फार उशीर होणार. अवनीजवळ तीस तासांची हवा आहे. ती घड्याळ बघते, आणि रेडिओ बंद करते. संपलं.

मी म्हणालो, हे चालणार नाही. सीटखाली एक जादा टाकी दाखवू, ती परत येऊ दे. तू म्हणालास, सीटखाली डबा ठेवायलासुद्धा जागा नाही, तूच आखलंयस. मी म्हणालो, मग सीट चार बोटं वर घेतो. तू म्हणालास, डोकं लागेल. मी म्हणालो, अरे कथा आहे ही, वाचकाला पोर परत आलेली हवीय. तू म्हणालास, "वाचकाला हवंय म्हणून टाकी मोठी होत नाही, विज्या."

इथपर्यंतही ठीक होतं. अशी भांडणं आपण शंभर केली असतील. पण माझा खरा राग त्या रेडिओवर होता. मी विचारलं, रेडिओ का बंद करते ती? त्याला काय शास्त्र आहे? जहाजावर माणसं आहेत, तिच्याशी बोलायला जीव टाकतायत. तीस तास बोलत राहील. तू म्हणालास, "तिला नाही ऐकवायचं त्यांना." मी म्हणालो, हा माज आहे. आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. माझा बाप आदल्याच वर्षी गेला होता, शेवटचे तीन आठवडे मी त्याच्या उशाशी होतो, ते सगळं डोक्यात होतं. मी तुला म्हणालो, "तुला माणसं मारायला आवडतात, हेमंत. कारण तू मरण जवळून बघितलेलं नाहीस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या वाक्यातली चूक काढली नाहीस. मला तर जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. तू खडू रुमालात बांधलास, म्हणालास, "उद्या कॉलेजला लवकर जायचंय," आणि जिना उतरून गेलास. मी टिटवीच्या रेघांत एकटाच उभा होतो.

त्यानंतर तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. मी म्हटलं, येईल. तू नेहमी दोन-तीन आठवड्यांत यायचास, काहीतरी मापाचं निमित्त काढून. या वेळी आला नाहीस तर मी म्हटलं, बसू दे फुगून. सहा-सात महिन्यांनी तू मला भाईंदर पूर्वेच्या भाजी मार्केटात दिसलास. डोक्यावर टोपी, शर्ट अंगावर लोंबत होता, पिशवी ऋचाच्या हातात. मला वाटलं, साखर निघाली असेल, वजन उतरवतोय. तू कोथिंबीर निवडत होतास. मान वर केलीस. मी चटकन फळवाल्याच्या गाडीमागे वळलो आणि दुसऱ्या गल्लीने निघून गेलो. तू मला पाहिलंस, हेमंत. मी वळताना तुझा हात वर आलेला मी पाहिला.

तुझ्या बाराव्याच्या दिवशी, मंडळी जेवून गेल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या मीच बसवलेल्या ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"तुम्हाला राग आला असेल," त्या म्हणाल्या. "आम्ही कळवलं नाही म्हणून."

मी विचारलं, कधी कळलं होतं तुम्हाला.

"ते तुम्ही शेवटचे आलेलात ना, गच्चीवर? त्या बुधवारी बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. रविवारी तुम्ही आलात. मी त्यांना म्हटलं, आज भाऊजींना सांगा. ते हो म्हणून वर गेले."

"मग?"

"खाली आले आणि म्हणाले, नाही सांगितलं. नंतरही मी किती वेळा म्हटलं. तर म्हणायचे, त्याला सांगितलं की तो टाकी वाढवत बसेल. वाढणार नाहीये. उगाच त्याला कशाला." वहिनींनी नळ बंदच होता तो आणखी घट्ट केला. "मला हे टाकीचं काही कळलं नाही, भाऊजी. तुम्हाला कळत असेल."

मला कळलं. जिना उतरून मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. सोसायटीतल्या बायका येता-जाता बघत होत्या. भर दुपारी पन्नाशीचा माणूस हमसून रडतोय म्हटल्यावर लोक बघणारच.

आता माझं ऐक. तू सांगायला म्हणून वर आलास आणि मी तुला म्हणालो की तू मरण बघितलेलं नाहीस. हे मला जन्मभर पुरणार आहे, आणि ते तू मला पुरवलंस. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथेच थांबलो असतो. पाय धरले असते. तू मला ते बोलू दिलंस, वर जिंकल्याच्या तोऱ्यात घरी जाऊ दिलंस, आणि मी चौदा महिने स्वतःला शहाणा समजत राहिलो. उगाच त्याला कशाला, म्हणे. ही माया नव्हे. तुला तुझं दुखणं कुणी बघायला नको होतं, एवढंच. कॉलेजातली मुलं, वाचक, मी, सगळ्यांनी तुला बरोबर असतानाच बघायचं होतं.

आणि टाकी मी वाढवत बसलो असतो, हे अगदी खरं. बसलो असतोच. कुठून कुठून डॉक्टरांचे पत्ते आणले असते, परभणीच्या मामाकडून काढे आणले असते, तू वैतागला असतास. पण मला दुसरंही काही येतं, हेमंत. मला रांगेत उभं राहता येतं. फाइल धरून बाकावर बसता येतं. तुला सुई लावलेली असताना तीन तास एका जागी बसायची सवय मला तूच लावलीस, रेघेबाहेर हात न काढता. ते सगळं ऋचाने केलं. एकोणीस वर्षांची पोर ती. तिच्याजागी एखाद्या दिवशी मी बसलो असतो तर तुझं काय बिघडलं असतं?

गेल्या आठवड्यात संपादकबाईंचा फोन आला. तू जायच्या दोन महिने आधी कादंबरी पुरी करून त्यांना पाठवली होतीस, दोघांच्या नावांनी, तुझ्या शेवटासकट. माझी संमती हवी म्हणून त्यांनी गठ्ठा माझ्याकडे पाठवला. मी पाकीट उलटं करून झटकलं. माझ्यासाठी चिठ्ठी नव्हती. आतल्या पानांच्या कडा पाहिल्या, त्यावरही नव्हतं काही. फक्त मोजमापं, बारीक अक्षरात, सगळी बरोबर.

वहिनींना मी शेवट सांगितला तर त्या म्हणाल्या, "परत येऊ द्या ना तिला, भाऊजी. पुस्तकातच आहे ना." ऋचा ताडकन म्हणाली, "नाही काका. बाबांचं आहे तसंच ठेवा." मी म्हणालो, विचार करतो.

रविवारी खडू घेऊन गच्चीवर गेलो. टिटवी आखली, एकट्यानेच. सीटच्या जागी पाट ठेवून बसलो, पाटाखाली हात घालून पाहिला. तुझंच बरोबर होतं, तिथे टाकी बसत नाही. सीट वर घेतली तर डोकं लागतं. अवनी परत येऊ शकत नाही, आणि मी तिला आणणार नाही. मग मी मागचा जेवणाचा कप्पा खोडला. तो खोडल्यावर मागे दीड हात जागा निघते. गुडघे पोटाशी घेतले तर एक माणूस मावतो, त्याचे पाय पुढच्याच्या पाठीला टोचतात, पण मावतो. मी तिथे बसून पाहिलं. पुढच्या मोकळ्या सीटकडे बघत तीन तास बसलो.

तर शेवटचं प्रकरण मी नव्याने लिहिलंय. जहाजावरचा मिस्त्री, ज्याने टिटवी दुरुस्त करण्यात हयात घालवली, तो निघायच्या क्षणी मागच्या जागेत शिरतो. अवनी त्याला शिव्या घालते, पण उतरवायला वेळ नसतो. त्याच्या वजनाने टाकीला ताण पडतो, तरी मालवाहू जहाज वाटेवरून हटतं. मी दोनदा गणित केलंय. त्याचा तिथे काही उपयोग नाही. त्याला यान चालवता येत नाही. टाकी संपल्यावर ती रेडिओ बंद करते, तो तुझा हट्ट मी ठेवलाय. जेवायला काही नाही, कारण कप्पा काढला. हवा एका माणसाची तीस तासांची, म्हणजे दोघांना पंधरा तास. पंधरा तास तो मागे बसतो आणि ती काय बोलते ते ऐकतो.

हे चूक आहे, मला माहीत आहे. तीसचे पंधरा करणारा मिस्त्री मूर्ख आहे, असं वाचकांची पत्रं सांगतील. चूक माझी आहे म्हणून मी उत्तरं लिहीन. काल गठ्ठा संपादकबाईंना परत पाठवला. तुझ्या शेवटाची पानं काढून घेतली आणि माझी लावली. तुला विचारलेलं नाही. तूही मला विचारलं नव्हतंस.